दिवाळी अंकासाठी आईची चकली लिहायची आहे: वहीतलं मापटं, दोन डबे आणि रोजचा दीड तास

शाईहळद

एका दिवाळी अंकाला जुलैअखेर दोन हजार शब्दांचा लेख द्यायचा आहे. सोबत एक पाककृती, "वाचकाला घरी करून बघता येईल अशा नेमक्या प्रमाणात". विषय आईच्या भाजणीच्या चकल्या. तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं म्हणजे वही. आईच्या अक्षरात एवढंच आहे: "मापटं तांदूळ, चिपटं ह. डाळ, कोळवं उडीद डाळ, निळवं मूग डाळ, धणे मूठ, जिरे त्याच्या निम्मे. मोहन छटाक. पाणी पिठाइतकं." नेटवर शेर म्हणजे ९३३ ग्रॅम सापडला, पण त्यावरून मापटं काढावं का?

दुसरं, आई अजून स्वतः करते, पण मोजत नाही. थांबवून विचारलं की तिचा हात अडखळतो आणि मग घालते तेही नेहमीचं नसतं.

तिसरं, वेळ. घरात चार माणसं. एक डबा पावणेसातला, दुसरा साडेआठला, दुपारचं जेवण एकला. मला सलग दीड तास हवा आहे, तुकड्यातुकड्यांतला नको. बाई लावा, बाहेरून मागवा हे सोडून काय करता येईल? टायपिंग फोनवरच आहे.

पायलीभर

९३३ ग्रॅम आधी खोडून टाका. तो वजनी शेर, ८० तोळ्यांचा. तुमच्या वहीतलं मापटं हे मापी शेराचं अर्धं. नाव एकच, पण एक तागडीवरचा आणि दुसरा धान्य भरायच्या भांड्याचा. सरकारी दशमान वजनं १९५८ पासून आली, तरी घराघरांत धान्य मापानेच भरलं जायचं, त्यामुळे नंतरच्या वह्यांतही हे शब्द दिसतात. शिवाय मापी शेर गावोगाव थोडा कमीजास्त असायचा, म्हणून त्याचे ग्रॅम करत बसू नका.

करायची गरजही नाही. उतरंड अशी: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. म्हणजे आईंनी चारही जिन्नस एकेक पायरी उतरत लिहिलेत. निळवं एक धरलं तर तांदूळ ८, हरभरा डाळ ४, उडीद डाळ २, मूग डाळ १. वाटीच्या भाषेत ४ : २ : १ : अर्धी. भाजणीचं हे प्रमाण आजही घरोघरी आहे. वही चोख आहे, फक्त एकक जुनं आहे.

तांदूळ आणि या डाळी, वाटीभर घेतल्या तर वजनाला जवळपास सारख्याच भरतात, म्हणून हेच प्रमाण ग्रॅममध्ये लिहिलं तरी बिघडत नाही: तांदूळ ५००, हरभरा डाळ २५०, उडीद डाळ १२५, मूग डाळ ६०. धणे-जिऱ्यांची मूठ आईंच्याच हाताने वजन करून घ्या. मूठ माणसागणिक बदलते आणि आपण लिहितोय त्यांच्या मुठीबद्दल.

एक खाच आहे. छटाक हे माप नाही, वजन आहे. वजनी शेराचा सोळावा भाग, म्हणजे साधारण ५८ ग्रॅम. वर सगळं प्रमाण आणि खाली एकच पक्कं वजन. मोहनाचा, म्हणजे पिठात घालायच्या तेलाचा, हा छटाक किती पिठाला, ते वहीत नाही. ते आईंना विचाराच.

पोळपाट

वेळेबद्दल. भरभर हात चालवून दीड तास निघत नाही, दहा-पंधरा मिनिटं निघतात आणि पोळी करपते. स्वयंपाकात निम्मी कामं हाताची नसून थांबण्याची असतात: भिजणं, मोड येणं, आंबणं, वाफ जिरणं. ही सगळी लिहायच्या वेळात ढकला. तुमच्या घड्याळाप्रमाणे नऊ ते साडेदहा हाच तुकडा सलग आहे.

दुसरा डबा गेला की साडेआठला तूरडाळ धुऊन भिजत घाला, तांदूळ धुऊन चाळणीत निथळत ठेवा. कुकर लावायचा नाही. आत्ताच लावून ठेवला तर भात साडेचार तास कोमट राहतो, आणि शिजलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. त्यातले जिवाणू परत गरम केल्यावर मेले तरी त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं. साडेदहाला उठून कुकर लावा. खालच्या डब्यात डाळ, अडीचपट पाणी, हळद-हिंग. वर तांदूळ, पावणेदोन पट पाणी, कारण निथळताना तो थोडा भिजलेलाच असतो. डाळ दोन तास भिजली की भाताबरोबर एकाच वेळी शिजते. न भिजवता लावली तर डाळीसाठी चार-पाच शिट्ट्या काढाव्या लागतात आणि तोवर वर भाताचा गोळा होतो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक, ८ मिनिटं, बंद. वाफ आपोआप जिरायला १५-२० मिनिटं. तेवढ्यात सकाळी लिहिलेलं एकदा वाचून होतं.

लिहिण्याच्या वेळात गॅसवर काही म्हणजे काही नको, विशेषतः दूध. पातेल्यावर आडवा कालथा ठेवला तरी दूध उतू जातं, फक्त उशिरा. तापवायचंच असेल तर दुहेरी भिंतीचा, शिट्टीचा दुधाचा कुकर घ्या. भिंतीत पाणी असतं, त्यामुळे दूध लागत नाही आणि उतू यायच्या आत शिट्टी होते.

भाजी कुठली हा विचारही वेळ खातो. रविवारी मंडई झाली की क्रम नासण्याप्रमाणे लावा. सोमवार-मंगळवार पालेभाजी; निवडून, न धुता, कागदात गुंडाळून डब्यात. मधले दोन दिवस फरसबी, गवार, तोंडली. या धुऊन, पूर्ण कोरड्या करून, चिरून दोन-तीन दिवस नीट राहतात. शुक्रवारी कोबी किंवा दुधी. वांगं आणि बटाटा आदल्या रात्री चिरायचे नाहीत, काळे पडतात आणि पाण्यात ठेवले तर पाणचट होतात. भेंडी रात्री धुऊन फडक्यावर पसरा, सकाळी चिरा.

रविवारचा आणखी तासभर: पाव किलो दाण्यांचं कूट (फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात बाहेर खवट होतं), चिंचेचा कोळ मीठ घालून एक उकळी काढून, आणि कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये. साधारण ३० ग्रॅमचा एक तुकडा पडतो, चार माणसांच्या आमटीला दोन पुरतात. फ्रीझरमध्ये महिनाभर चालतं. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची टूम निघाली आहे, ती नको. हवा नसलेल्या जागी, बाहेरच्या तापमानात, बोट्युलिझमचे जिवाणू वाढू शकतात. सोलून कोरडा, फ्रिजमध्ये.

मटकी शनिवारी रात्री भिजत, रविवारी सकाळी निथळून फडक्यात, सोमवारी पहाटे मोड तयार. पुण्यातल्या जानेवारीत आणखी अर्धा दिवस धरा.

आणि कणीक रात्रीच मळून ठेवा.

रवाळ

पोळपाट यांच्याशी बाकी सहमत, कणकेबद्दल नाही. रात्री मळलेल्या कणकेची पोळी डब्यात दुपारी काळपट दिसते आणि मुलं ती परत आणतात. कोंड्यातली एन्झाइम हवेच्या संपर्कात आली की रंग काळवंडतो. फ्रिजमध्ये हे मंदावतं, थांबत नाही. तेलाचा हात फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून, वर हवा न ठेवता ठेवली तर बारा तास बरी राहते. पण पावणेसातच्या डब्याला ती सहाच्या आत बाहेर काढावी लागते, नाहीतर गार कणीक लाटताना चिरते. म्हणजे उठणं लवकरच. त्यापेक्षा रात्री परातीत पीठ आणि मीठ मोजून, झाकून ठेवा, शेजारी पाण्याचं भांडं. चार माणसांची कणीक मळायला सात मिनिटं लागतात. वेळ जातो तो डबा काढा, परात शोधा यात.

डब्यात पोळी गरम भरू नका. तव्यावरून जाळीवर, पाच मिनिटं, मग घडी. गरम पोळीची वाफ झाकणाला लागून तिच्यावरच ठिबकते आणि खालची पोळी ओली होते.

खवणी

आईंना थांबवायचंच कशाला? त्या घालतात ते मोजू नका, डब्यात उरलं ते मोजा. सुरू करण्याआधी प्रत्येक डबा, बरणी, तेलाची बाटली झाकणासकट काट्यावर ठेवून वजन लिहा. चकल्या झाल्या की पुन्हा वजन. फरक म्हणजे त्यांच्या हाताने पडलेलं. त्यांना कळतही नाही. पाण्याचंही तसंच: तांब्या भरून वजन, नंतर उरलेल्याचं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशेब सरळ. तळणीचं तेल मात्र मोहनाच्या बाटलीतून घेऊ नका, दोन्ही एकत्र झाली की संपलं.

काटा ५ किलोचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरे. पण तो ५ ग्रॅमखाली भरवशाचा नाही. हिंग, हळद, ओवा त्यावर मोजलं तर एकदा २ येतात, एकदा ४. त्यांच्यासाठी वेगळी युक्ती. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या रिकाम्या करून मापाच्या चमच्याने सपाट मोजून भरा, हळद १० चमचे वगैरे. शेवटी उरलेलं परत चमच्याने मोजा.

तीन वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी. एका वेळच्या आकड्याला अर्थ नाही. तिन्हींमध्ये मीठ सारखं आलं तर ते पक्कं; पाणी वेगळं आलं तर तो आईंचा अंदाज नसून त्या दिवशीच्या पिठाची गरज आहे, आणि पाककृतीत ते "इतकं ते इतकं" असंच लिहायला हवं.

वाटी लिहायची असेल तर ती किती मिलिलिटरची ते वर एकदा लिहा. घरातली वाटी १०० चीही असते, २०० चीही. मापाचा लहान चमचा ५ मिलि, मोठा १५. "पोहे खायचा चमचा" छान वाटतो, पण प्रत्येक घरात वेगळा.

लिहिताना क्रियापद सांभाळा. भाजणं कोरडं किंवा नावापुरत्या तेला-तुपावर, परतणं तेलात हलवत. खोबरं किसलं की सुकं समजतात, खवलं की ओलं. ठेचणं, कुटणं, वाटणं हे तीन वेगळे पोत आहेत. "मंद आचेवर ८ मिनिटं" एकट्याने पुरत नाही, शेगडी वेगळी, कढईची जाडी वेगळी. मिनिटांसोबत खूण द्या. तांदूळ भाजला हे कशावरून? हाताला हलका लागतो, दाणा पांढराफटक होतो, दाताखाली कुरकुरतो, पण रंग पालटलेला नसतो. हरभरा डाळ गुलाबी झाली की उतरवायची.

आणि गिरणी विसरू नका. भाजणी गव्हावर दळून आणली तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ मिसळतं आणि चकली चिवट होते. तांदळावर किंवा डाळीवर दळायला सांगा. शहरातल्या नव्या वाचकाला हे माहीत नसतं, म्हणून पाककृतीत एक ओळ यायलाच हवी.

शाईहळद

मापट्याचं कोडं सुटलं, आभार. वरच्या ग्रॅमच्या प्रमाणात भाजणी केली. धुऊन, सावलीत वाळवून, वेगवेगळं भाजून, डाळीवर दळली. सगळ्या पिठाला ५८ ग्रॅम तेल, पिठाइतकं उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं, मग मळली. दोन तक्रारी. सोऱ्यातून पाडताना वळणावर तुटते. आणि तळून गार झाली की दगड. काटे मात्र सुंदर येतात.

कालथा

काटे सुंदर, चकली दगड म्हणजे मोहन कमी. हिशेब बघा. तुमचं पीठ साधारण साडेनऊशे ग्रॅम, म्हणजे २४० मिलिच्या कपाने जवळपास आठ कप. ५८ ग्रॅम तेल म्हणजे चार मोठे चमचे आणि थोडं. कपाला अर्धाच चमचा पडला. चकलीला कपाला एक मोठा चमचा लागतो. म्हणजे वहीतला छटाक निम्म्या पिठाचा असणार. भाजणी एकदाच दळतात, उकड मात्र एका वेळी निम्म्या पिठाचीच काढतात, कारण उरलेली वाळते. पायलीभर यांनी म्हटलेली खाच हीच. आईंना विचारून पक्कं करा, पण मला शंका नाही.

उलट्या बाजूलाही जाऊ नका. मोहन दीडपटीच्या पुढे गेलं की चकली तेलात सुटते, खाली चुरा बसतो, आणि मग त्याच तेलातली पुढची चकली काळे ठिपके घेऊन बाहेर येते.

वळणावर तुटणं हे मोहनाचं नाही, भिजण्याचं आहे. दहा मिनिटं कमी पडली. भाजलेलं पीठ पाणी सावकाश ओढतं. वरून ओलं लागतं, कण आतून कोरडा असतो. पाण्याला उकळी आली की त्यात मोहन, तिखट, मीठ, तीळ, ओवा, हिंग, गॅस बंद, मग पीठ घालून कालथ्याच्या दांड्याने ढवळा, आणि निदान अर्धा तास घट्ट झाकून ठेवा. सगळं पाणी एकदम ओतू नका. वाटी पिठाला पाऊण वाटी उकळतं, उरलेली पाव वाटी मळताना हाताने, कोमट. एका चकलीइतकाच गोळा घेऊन पुन्हा मळायचा आणि लगेच सोऱ्यात. बाकीचा ओल्या फडक्याखाली. बोटभर लांब वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. कड फाटली तर आणखी पाण्याचा हात. गुंडाळली गेली पण बोटाला चिकटली तर पाणी जास्त झालं. तशी चकली तेल पिते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते. त्यावर कोरडी भाजणी भुरभुरून मळली तर चालतं, थोडं.

तळणीचं: तेलात पिठाची गोळी टाकली की ती लगेच उसळून न येता सावकाश पण न थांबता वर यावी. चकली सोडल्यावर आच मध्यम. खूप तापलेल्या तेलात वरून दोन मिनिटांत रंग येतो, आत ओल राहते आणि डब्यात ती मऊ होते. काढायची खूण रंग नव्हे, बुडबुडे. ते बुडबुडे म्हणजे आतलं पाणी वाफ होऊन जातंय. जवळजवळ थांबले की काढा. कागदावर ढीग न करता सुट्या पसरा, पूर्ण गार झाल्यावरच डबा.

लेखात ही दगड झालेली चकली जरूर येऊ दे. नुसतं प्रमाण छापलं की वाचक बिघडलं तर अंकाला दोष देतो.

जोडाक्षर

टायपिंगबद्दल एकच गोष्ट, पण स्वयंपाकावर लिहिणाऱ्याला हमखास नडणारी. पुऱ्या, कैऱ्या, सोऱ्या, भाकऱ्या, खोबऱ्याचं: या सगळ्यांत अर्धा र आडवा आहे. फोनवर तो दोन तऱ्हांनी उमटतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. दोन, साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारी जोडखूण, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे. पण मजकूर मेलमधून किंवा फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून गेला की ती न दिसणारी खूण गळते आणि पुऱ्यांच्या "पुर्या" होतात, र्य "सूर्य"सारखा डोक्यावर चढतो. काही छापखान्यांत अजून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर वळवून घेतात, तिथे हे जास्त. टिंबाचा ऱ वापरा. कीबोर्डवर र दाबून धरून बघा, बहुधा तिथे सापडतो.

तसंच अर्धा, पाव, पाऊण अक्षरांतच लिहा. अपूर्णांकाचं चिन्ह फॉन्ट बदलताना गायब होतं आणि "½ चमचा मीठ"चं "चमचा मीठ" छापून येतं. दीड आणि अडीचही अक्षरी. आकडे फक्त ग्रॅम, मिलि आणि मिनिटांना.

हात पिठाचे असताना बोलून टाइप करायला हरकत नाही, आईंच्या शेजारी उभं राहून टिपणं घ्यायला ते बरंही पडतं. फक्त त्याच दिवशी डोळ्यांखालून घाला. "निळवं" आणि "कोळवं" या शब्दांचं फोन काय करेल याचा नेम नाही.

प्रूफ आलं की लेख नंतर वाचा, आधी साहित्याची यादी मोठ्याने वाचा, कृतीतला प्रत्येक जिन्नस यादीत आहे ना ते बोट ठेवून बघत. मोहनाचं तेल आणि पाणी हे दोन नेहमी सुटतात.

शाईहळद

आईला विचारलं. छटाक "एका परातीला". परातीत साडेचारशे ग्रॅम पीठ बसतं, आत्ताच मोजलं. उद्या झाकून अर्धा तास ठेवून पुन्हा करते.